पाटी कुणाची, पाळणा कुणाचा?

साताऱ्यात सदर बझारपासून गोडोलीपर्यंत आणि सांगलीत खणभागापासून विश्रामबागेपर्यंत कुणी सहज फेरफटका केला, तर त्याला दोन तऱ्हेच्या पाट्या दिसतील. एक पत्र्याची, घरच्याच कुणा मुलाने रंगवलेली. तिच्यावर 'पाळणाघर' एवढा एकच शब्द, खाली फोनचा नंबर, आणि तोही उन्हापावसाने निम्मा पुसलेला. दुसरी पाटी चकचकीत, रात्री आतून दिवे लागणारी. तिच्यावर अस्वले, फुलपाखरे आणि एक इंग्रजी नाव. ते पुण्यात पाहिले तरी तेच, नागपुरात पाहिले तरी तेच. मौज अशी की, पुष्कळदा पहिली पाटी उतरवून तिच्याच खिळ्यांवर ही दुसरी चढवलेली असते. घर तेच, ओटा तोच, बाई तीच आणि मुलेही तीच. बदललेले असते ते एवढेच, की घरात बसलेली बाई आता आपल्या कामाची मालकीण राहिलेली नसते.

हा बदल प्रगतीचा आहे असे आमच्या मध्यमवर्गाने ठरवून टाकले आहे. मला ते मान्य नाही. आणि का नाही, ते स्पष्ट सांगण्यासाठीच हा लेख.

मी बालवर्गाला शिकवते. जूनमध्ये माझ्या वर्गात जी मुले येतात, त्यांतली पुष्कळशी कुठल्या ना कुठल्या पाळणाघरात रांगायला शिकलेली असतात. माहेर सांगलीचे आणि सासर साताऱ्याचे असल्यामुळे दोन्ही गावांतल्या मुले सांभाळणाऱ्या बायका माझ्या ओळखीच्या आहेत. कंपनीकडून आलेले करारनामे वाचून त्यांचा अर्थ सांगण्याचे काम त्या माझ्याकडे आणतात. मी शिकलेली मॅट्रिकपर्यंतच. पण 'बाई, तुम्ही कादंबऱ्या लिहिता, तुम्हाला कळेल' असे त्यांचे म्हणणे. ते एका अर्थी खरेच आहे. कादंबरी लिहिणारीला करारनाम्यातला कल्पित भाग चटकन ओळखता येतो.

मुळात ही घरगुती पाळणाघरे निघाली कशातून? घरातली आजी संपली म्हणून, असे आपण म्हणतो. पण ते अर्धेच उत्तर झाले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५० हून अधिक स्त्रिया काम करतील अशा कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली ठेवण्याची सक्ती केली. १९७६ साली तो आकडा ३० वर आणला. पुढे २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा त्याहून अधिक माणसे कामावर असलेल्या प्रत्येक आस्थापनेवर पाळणाघराची जबाबदारी आली. वर्तमानपत्रांनी टाळ्या वाजवल्या. पण राजवाड्याजवळच्या साडीच्या दुकानात सात मुली उभ्या असतात. पोवई नाक्यावरच्या पतसंस्थेत चारजणी खतावण्या जुळवत बसतात. मिरजेच्या दहा खाटांच्या इस्पितळात तीन परिचारिका पाळीपाळीने राबतात. त्यांना पन्नासाची अट कुठून लागू व्हावी? कायद्याच्या जाळ्याची भोके एवढी मोठी की, आमच्या गावांतल्या बहुतेक आया त्यातून अलगद खाली पडतात. त्यांना झेलले ते शेजारच्या काकूंनी. कंपनीने झेलले नाही आणि सरकारनेही नाही.

या काकू काय करतात ते एकदा नीट पाहा. मिरजेतल्या परिचारिकेची पाळी सकाळी लवकर सुरू होते, म्हणून त्या पहाटे दार उघडतात. कुणाला मऊ भात भरवतात, कुणाला नाचणीचे सत्त्व. एकाला झोळीशिवाय झोप येत नाही आणि दुसऱ्याला झोळीत घातले की रडू फुटते, हे त्यांच्या ध्यानात असते. कुणाच्या आईची बस चुकली तर संध्याकाळी सातचे साडेआठ होतात. त्याचा दंड घेतलेला मी तरी पाहिलेला नाही. हे सारे कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेले नसते आणि लिहिता येण्यासारखेही नाही.

आता कंपनीची बाजू. ती मी न्यायाने मांडते. कंपनी म्हणते, आम्ही नाव देतो; नावामुळे पालक येतात. आम्ही शिकवण देतो, खेळणी देतो, तक्ते देतो, कॅमेरे बसवून देतो. फी दुप्पट घेता येते. एकट्या बाईला कुणी विचारत नाही, आमच्या छत्राखाली ती 'उद्योजिका' होते. ऐकायला हे गोड आहे आणि यातले थोडे खरेही आहे. नव्या वसाहतीत राहायला आलेले, गावात कुणाची ओळख नसलेले जोडपे अनोळखी काकूंपेक्षा ओळखीच्या नावाकडे वळते. त्यांना मी नावे ठेवणार नाही.

पण छत्री देणारा आणि पाऊस पडू लागताच ती काढून घेणारा, असे दोघे एकच असतील तर? मी वाचलेल्या करारनाम्यांचा सारांश देते. नाव वापरण्यासाठी आधी एकरकमी पैसे. ते परत मिळणार नाहीत. पुढे दरमहा फीमधला हिस्सा. खेळणी, गणवेश, वह्या कंपनीकडूनच, कंपनीच्याच भावाने. घराचा रंग कंपनी ठरवणार. मुलांनी बाईंना काकू म्हणायचे नाही, 'मॅम' म्हणायचे. करार संपला तर त्याच घरात इतकी वर्षे मुले सांभाळायची नाहीत! आणि या सगळ्याच्या शेवटी, बारीक अक्षरांत, एक कलम: मुलाला इजा, आजार किंवा अपघात झाल्यास संपूर्ण जबाबदारी केंद्रचालिकेची, कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

हे शेवटचे कलम मी बायकांना नेहमी पहिल्यांदा वाचून दाखवते. बाकीच्या कलमांनी कंपनी प्रत्येक गोष्टीत तुमच्या घरात शिरते, आणि मूल पडते त्या क्षणी मात्र मागल्या दाराने निघून जाते.

सांगलीकरांना अडत्या म्हणजे काय ते सांगायला नको. मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात तेव्हा शेतकरी आणि खरेदीदार यांच्यामध्ये अडत्या उभा असतो. त्याला शिव्या घालण्याची आपल्याकडे रीत आहे आणि त्या पुष्कळदा रास्तही असतात. पण अडत्याची एक गोष्ट मान्य करायला हवी: शेतकऱ्याच्या पट्टीचे पैसे चुकते करायला तो बांधलेला असतो. खरेदीदाराने हात वर केले तरी शेतकरी त्याच्याच पेढीवर जाऊन बसतो. त्या जोखमीसाठी तो अडत घेतो. पाळणाघराची कंपनी अडत घेते आणि जोखीम मात्र घेत नाही. हळदीच्या पोत्याला जो जामीन मिळतो, तो माणसाच्या पोराला मिळू नये?

आता पैशाचा हिशेब मांडू. समजा, एका बाईकडे दहा मुले आहेत आणि प्रत्येकाचे महिन्याला ३,००० रुपये येतात. झाले ३०,०००. त्यातला पंधरा टक्के हिस्सा कंपनीचा धरला तर महिन्याला ४,५०० आणि वर्षाला ५४,००० रुपये घराबाहेर गेले. हे उत्पन्नातून गेले, नफ्यातून नव्हे. दूध, गॅस, वीज, मदतीच्या बाईचा पगार हे सारे उरलेल्या पैशातून. फी वाढवावी तर पतसंस्थेतली ती मुलगी आपले मूल काढून घेते आणि त्याला गावी सासूकडे ठेवून येते. म्हणजे कंपनीच्या पाटीमुळे जिच्यासाठी पाळणाघर निघाले होते, तीच पहिल्यांदा बाहेर पडली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि पाळणे रिकामे झाले, तेव्हा माझ्या ओळखीच्या एका बाईंना कंपनीकडून आलेले पत्र मी पाहिले आहे. त्यात मुलांची चौकशी नव्हती. नाव वापरण्याच्या वार्षिक रकमेची आठवण होती.

यावर हमखास येणारा आक्षेप सुरक्षिततेचा. लोक म्हणतात, घरगुती बाईवर विश्वास कसा ठेवायचा? पाटीवाल्यांकडे निदान कॅमेरा असतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला सांभाळणाऱ्या बाईने निर्दयपणे मारले. ते चित्र सगळ्या महाराष्ट्राने पाहिले, कारण तिथे कॅमेरा होता. कॅमेऱ्याने काय केले? पुरावा दिला. मार थांबवला नाही. मूल वाचवायचे असेल तर शेजारच्या खोलीत दुसरे मोठे माणूस लागते, मुलांची संख्या बेताची लागते, आणि सांभाळणारीला दिवसातून घटकाभर पाठ टेकायला मिळावी लागते. थकलेल्या, कमी पगाराच्या, एकट्या बाईच्या डोक्यावर कॅमेरा टांगणे ही सुरक्षितता नव्हे. ती पालकांच्या मनाची समजूत आहे.

परदेशात एजन्सी चालतात, मग इथेच का नकोत, असेही विचारले जाते. माझी एक सांगलीची वर्गमैत्रीण कॅनडात टोरांटोजवळ राहते आणि घरी मुले सांभाळते. तिच्याकडून मी तिथली रीत समजून घेतली. ओंटारिओ प्रांतात २०१५ पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे स्वतंत्रपणे मुले सांभाळणाऱ्या बाईला पाचांहून अधिक मुले ठेवता येत नाहीत आणि त्यांत दोन वर्षांखालची तीनच. परवानाधारक एजन्सीमार्फत काम केले तर सहा मुले ठेवता येतात. पण तिथल्या एजन्सीला स्वतः सरकारचा परवाना काढावा लागतो. तिचा माणूस दर तीन महिन्यांत निदान एकदा, न कळवता, घर पाहायला येतो. आणि सरकारच्या मदतीने कमी झालेली फी एजन्सीच्या घरांतल्या पालकांना मिळते. म्हणजे एजन्सी काही घेते, पण काही देतेही, आणि तिच्या मानेवर कायद्याचा हात असतो. तरी स्वतंत्र राहावे की एजन्सीत जावे, हा वाद तिथल्या बायकांत चालूच आहे. इंग्लंडने २०१४ च्या कायद्याने अशा एजन्सींना वाट करून दिली. पण तिथल्या बहुतेक बायका सरकारकडे स्वतःच्या नावाने नोंद करून स्वतंत्रच राहिल्या. आपण परदेशातून एजन्सीचे नाव आणले, कमिशन आणले. न कळवता येणारा तो तपासनीस तेवढा बंदरावरच उतरवून ठेवला.

'मग खासगी कंपनी नको, संस्था चालेल, सरकार चालेल,' असे समाजवादी वळणाचे माझे मित्र म्हणतील. तोही अनुभव घेऊन झाला आहे. केंद्र सरकारने २००६ साली राष्ट्रीय पाळणाघर योजना काढली आणि ती संस्थांमार्फत चालवली. एका पाळणाघरात २५ मुले, त्यांना सांभाळायला दोन बायका, आणि प्रत्येकीला महिना १,००० रुपये मानधन. २०१७ साली योजनेची फेरमांडणी झाली तेव्हा सेविकेचे ३,००० झाले आणि मदतनिशीचे १,५००. खर्चातला १० टक्के वाटा संस्थेने घालायचा असा नियम होता. २०२२ पासून 'पाळणा' या नावाने ही कल्पना अंगणवाडीला जोडली गेली आहे. हेतू उत्तम. पण पंचवीस पोरे सांभाळणाऱ्या बाईला त्या दिवसांत रोजचे तेहतीस रुपये देणाऱ्या योजनेने मुलांवरचे प्रेम कुणाच्या जिवावर चालवले, ते उघड आहे.

अंगणवाडीचीच गोष्ट घ्या. केवढा सुंदर शब्द! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ पासून ते कोसबाडला चालवले. वारल्यांची मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, एवढा साधा आणि मोठा विचार त्यामागे होता. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना निघाली आणि अंगणवाडी देशभर गेली. अंगण मोठे झाले, पण अंगणातली बाई 'मानसेवी' ठरली. वजन तिनेच करायचे, आहार तिनेच वाटायचा, नोंदी तिनेच ठेवायच्या. पण नोकर म्हणून तिला ओळखायचे नाही. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे एवढे सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घ्यायला एप्रिल २०२२ उजाडावा लागला. ४७ वर्षे! मध्यस्थ धंदेवाईक असो की धर्मादाय असो, त्याची खोड एकच: हुकूम करताना बाई आपली, पगार देताना ती परकी.

याचा अर्थ एकटीने चालवलेले पाळणाघर म्हणजे स्वर्ग, असे मी म्हणत नाही. त्याचेही दोष मोजून दाखवते. बाई आजारी पडली की वीस घरांची घडी विस्कटते. मेच्या सुट्टीत फी बुडते. पोराला ताप असताना, औषधाची बाटली पिशवीत लपवून आई सोडून जाते. काही ठिकाणी बारा बाय दहाच्या खोलीत पंधरा मुले कोंबलेली आणि समोर दिवसभर दूरचित्रवाणी लावलेली मी स्वतः पाहिली आहेत. कुठल्याच घरगुती पाळणाघराच्या दारात मला आजवर तपासनीस भेटलेला नाही. ही पाळणाघरे चांगली चालतात ती केवळ त्या त्या बाईच्या चांगुलपणावर. आणि समाजाने चांगुलपणावर विसंबून राहणे हा एक आळसच आहे.

आणि पालकहो, थोडे तुमच्याविषयीही. मोटारीच्या हप्त्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढीत नाही; पण काकूंनी पाचशे रुपये वाढवले की 'घरीच तर असता तुम्ही' असे म्हणता. त्याच पालकांना चकचकीत पाटीखाली दुप्पट रक्कम मुकाट्याने भरताना मी पाहिले आहे. तुम्ही पैसे मुलाला सांभाळण्याचे देत नाही, पाटीचे देता. बाईला पाटी घ्यायला लावता ते तुम्हीच.

मग वाट कोणती? ती आपल्याच मातीत आहे, आणि ती विसरलेल्या माणसांनी निदान साताऱ्या-सांगलीत तरी राहू नये. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सर्व जातींची मुले एका छताखाली राहिली. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. दुसऱ्याची मुले आपल्या घरात वाढवणे ही गोष्ट या जिल्ह्याला नवी नाही. पण लक्ष्मीबाईंचे नाव घेऊन आणखी किती बायकांकडून त्याग मागायचा? त्यागावर संस्था उभी राहते, हे खरे. ती चालती ठेवायला मात्र हिशेबाची वही लागते.

तो हिशेबही बायकांनीच करून दाखवला आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्याचे 'लिज्जत' झाले, आणि तिथे लाटणारी बाई मालकीणही असते. आमच्याच जिल्ह्यात माण तालुक्यातल्या म्हसवडला बायकांनी बँक काढायची ठरवली, तेव्हा सभासद निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला. त्या शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. अहमदाबादेत 'सेवा' संघटनेतल्या मुले सांभाळणाऱ्या बायकांनी तर स्वतःची सहकारी मंडळीच काढली.

महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याप्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतल्या दहा व्यक्ती एकत्र आल्या की संस्थेच्या नोंदणीसाठी अर्ज करता येतो. दहाच! गोडोलीत दहा पाळणाघरे सापडणार नाहीत? विश्रामबागेत सापडणार नाहीत? वरच्या हिशेबातले कंपनीकडे जाणारे ४,५०० रुपये दहा घरांनी आपल्याच मंडळीत भरले, तर महिन्याला ४५,००० जमतात. त्यातून पाळीने फिरणाऱ्या दोन मदतनिसा ठेवता येतात. म्हणजे एखादी आजारी पडली तर तिच्या घरी दुसरी जाईल आणि दार बंद राहणार नाही. महिन्यातून एकदा डॉक्टर येऊन मुले तपासतील. अपघाताचा विमा उतरवता येईल. खेळणी एका घरातून दुसऱ्या घरात फिरतील. मुख्य म्हणजे, दहाजणींनी आळीपाळीने, न कळवता, एकमेकींची घरे पाहायची. एका खोलीत आठच्या वर मुले नकोत असा नियम दहाजणींनी मिळून केला, तर अकरावीला तो मोडताना लाज वाटेल. फी, सुट्ट्या, आजारी मुलाला आणायचे की नाही, हे सारे एकदा छापून प्रत्येक पालकाच्या हाती द्यायचे. मग 'घरीच तर असता तुम्ही' असे एकीला म्हणणारा दहाजणींना ते म्हणू धजणार नाही.

सहकार आता पुढाऱ्यांनी नासवला, असे यावर कुणी म्हणेल. नासवला, हे मला दिसते. पण कारखाना नासला म्हणून उसाचा दोष निघत नाही. जिथे दहा सभासद एकमेकींना नावाने ओळखतात, एकमेकींच्या स्वयंपाकघरात जातात आणि एकमेकींची पोरे कडेवर घेतात, तिथे पुढाऱ्याला खुर्ची टाकायला जागाच उरत नाही.

म्हणून बायांनो, कंपनीचा माणूस रंगीत पुस्तिका घेऊन दारात येईल तेव्हा त्याला पाणी द्या, चहा द्या आणि एकच प्रश्न विचारा: 'मूल पडले तर तुमची सही कुठे आहे?' तो बारीक अक्षरांचे पान उलटू लागेल. त्याला खुशाल उलटू द्या. तुम्ही दार ओढून घ्या आणि शेजारच्या आळीत जी दुसरी मुले सांभाळते, तिच्या घरी जा. दहापैकी दोघी तर तिथेच भेटल्या.